घोडे कुठे पेंड खाते?

आठवड्याच्या आठवड्याला या पानावर मी एखाद्या शब्दाचे कुळशील काढून तुमच्यापुढे ठेवतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळीला संपादक जागा जरा सैल सोडतात, म्हणून शब्दाबरोबर घरातली एखादी हकीकतही खपून जाते. यंदाचा शब्द आहे 'घोडा', आणि हकीकत आहे माझ्या भाचीची.

गोष्ट गणपतीतली. गौरीजेवणाच्या दिवशी आम्ही सारे ताईकडे जमलो होतो. पुरणपोळीने मंडळी सुस्तावली होती. पंख्याखाली जागा मिळेल तिथे जो तो कलंडला होता. अशा वेळी घरातली मोठी माणसे भांडायला नाखूश असतात, हे ओळखण्याइतकी भाची शहाणी आहे. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मामा, मला घोड्यांचा अभ्यास करायचाय."

आधी कुणाला काही कळलेच नाही. माझी बायको म्हणाली, "म्हणजे रायडिंग शिकायचंय का गं?"

"नाही मामी. घोड्यांचा अभ्यास. आधी पशुवैद्यकाची पदवी, मग घोड्यांच्या औषधशास्त्रात एम. व्ही. एस्सी., मग पीएच. डी. आणि पुढे कॉलेजात शिकवायचं."

मग मात्र सगळ्यांची सुस्ती उतरली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत तिला गुण चांगले पडले होते, परंतु सरकारी मेडिकलला लागतात तितके नव्हते. भाऊजींचा बेत ठरलेला होता. एक वर्ष घरी बसायचे, नामांकित क्लास लावायचा, पुन्हा परीक्षा द्यायची. इकडे मुलीने त्याच गुणांवर पशुवैद्यकाच्या प्रवेशाचा अर्ज भरून ठेवला होता आणि जागा मिळणार असे दिसत होते. भाऊजींचे म्हणणे, ही हार आहे. तिचे म्हणणे, हीच माझी पहिली पसंती होती, मेडिकलचा फॉर्म तुम्ही भरलात.

"कुत्र्या-मांजरांची डॉक्टर होते म्हण एक वेळ," ताई म्हणाली, "हल्ली त्यांची फी माणसांच्या डॉक्टरांहून जास्त असते. पण घोडे? घोडे उरलेत कुठे?"

"वरातीत," भाऊजी कडू तोंडाने म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "प्राध्यापकमहाशय, तुम्हीच हिला चार शब्द सांगा. शिकवायचंय म्हणे! अहो, तुम्ही मराठी शिकवता, तेच अजून आमच्या नातेवाइकांना समजावून सांगावं लागतं."

सगळे हसले. मीही हसलो. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला या विनोदावर हसण्याची सवय झालेली असते.

खरे सांगायचे तर त्या क्षणी मी भाऊजींच्याच बाजूचा होतो. घरी आल्यावर आकडे पाहिले आणि माझा ग्रह आणखीच पक्का झाला. 2012 सालच्या पशुगणनेत आपल्या देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. 2019 च्या गणनेत ती सुमारे 3 लाख 40 हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी! गाढवांची गत त्याहून वाईट, 3 लाख 20 हजारांवरून 1 लाख 20 हजार. टांगे गेले, तट्टांवरची ओझी टेम्पोत चढली, वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला. ज्या जनावराची पाठ जग रिकामी करीत आहे, त्याच्यावर आपल्या मुलीने आयुष्य खर्चावे असे कोणत्या आईबापांना वाटेल?

तरीही एका गोष्टीने मला अपराधी वाटत होते. ही मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना आम्ही सारे माथेरानला गेलो होतो. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे घोड्यांचे राज्य. एका संध्याकाळी आमच्या मुक्कामाजवळ एक घोडे तांबड्या मातीत गडाबडा लोळू लागले. उठे, पोटाकडे वळून पाही, पुन्हा अंग टाकी. त्याचा मालक त्याला उठवून पुढे-मागे चालवीत होता आणि चालवता चालवता रडत होता. रात्री दस्तुरी नाक्यापासून चालत डॉक्टर आले, त्यांनी नाकातून नळी घालून औषध पोटात सोडले. सकाळी घोडे आपल्या पायांवर उभे होते. तेवढा वेळ ही पोर पायरीवर बसून होती, ताईने ओढून नेईपर्यंत. तिने मला विचारले होते, "मामा, त्याच्या पोटात दुखतंय तर ते उलटी का नाही करत?" मी म्हणालो होतो, "उद्या सांगतो."

ते 'उद्या' दहा वर्षे लांबले. गणपतीत तिनेच मला उत्तर सांगितले. घोड्याची अन्ननलिका जठराला मिळते तिथे इतका घट्ट स्नायू असतो, आणि ती जठरात शिरते अशा तिरक्या कोनात, की आत गेलेले परत वर येऊच शकत नाही. एकेरी वाहतुकीचा रस्ता म्हणा ना. म्हणून माणसाला एका ओकारीने जे भागते, त्याने घोडा प्राणाला मुकू शकतो. पोटशूळ हा आजही घोड्यांचा मोठा वैरी आहे.

दहा वर्षे एखादा प्रश्न मनात सांभाळणारी मुलगी ही काही लहर म्हणून बोलत नसणार, इतके तरी मला कळायला हवे होते. म्हणून चार शब्द सांगण्याआधी आपण चार पाने वाचावीत असे मी ठरवले. मराठीचा मास्तर वाचायला कुठून सुरुवात करणार? शब्दकोशापासून.

कोशात घोड्याने केवढी पागा मांडली आहे! वरातीमागून घोडे, घोडामैदान जवळ, खोगीरभरती, घोडचूक, घोडनवरा, एरंडाचे गुऱ्हाळ असते तसे काठीचे घोडे, आणि शेवटी गंगेत न्हालेले घोडे. लगाम, रिकीब, तोबरा, चंदी, खरारा, अगाडी-पिछाडी. एक शब्द मात्र माझ्या डोळ्यांपुढून पूर्वी अनेकदा गेला होता आणि मी त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. तो शब्द 'साळोत्री'. साळोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. हे नाव आले शालिहोत्र ऋषींवरून. अश्वविद्येचा आद्य ग्रंथकार म्हणून आपली परंपरा त्यांचे नाव घेते. ऋषीचे नाव झिजत झिजत धंद्याचे नाव झाले, इतकी ती विद्या लोकांत मुरलेली होती. नकुलाच्या नावावरही अश्वचिकित्सेचा ग्रंथ सांगितला जातो. अज्ञातवासात या पांडवाने विराट राजाकडे नोकरी धरली ती अश्वशाळेत, हे आपण लहानपणीच ऐकलेले असते. भाऊजींना मी फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "नकुलाला पगार किती होता ते लिहिलंय का?"

आणि आपल्या मुलखाचे काय? भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या, लहान चणीच्या, काटक भीमथडी घोड्यांवर मराठ्यांच्या फौजा दूरदूर दौडल्या. तो घोडा संपला, असेच पुष्कळांनी धरून ठेवले होते. परंतु धनगर मेंढपाळांच्या वाड्याबरोबर पाठीवर संसार घेऊन चालणारी ती तट्टे होती तिथेच होती, फक्त कुणी मोजली नव्हती. अभ्यासकांनी त्यांची मापे घेतली, रक्ताचे नमुने तपासले, आणि 2023-24 साली भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातून घोड्याला पुन्हा दावणीला आणले ते घोड्यांच्या अभ्यासकांनीच.

या विद्येला कॉलेजची इमारत मिळाली ती मात्र फ्रान्समध्ये. लियाँ शहरात क्लोद बुर्जेला नावाचा गृहस्थ घोडेस्वारीची शाळा चालवीत असे. जन्म 1712 चा. घोडा चालवायला शिकवता शिकवता त्याला घोडा आतून कसा आहे हे जाणण्याची ओढ लागली. त्याने घोड्यांवर पुस्तके लिहिली, दिदरोच्या प्रसिद्ध ज्ञानकोशात लेख लिहिले. त्या काळात युरोपात गुरांच्या साथीने गोठे ओस पडत होते, आणि जनावरांचा वैद्य म्हणजे नाल ठोकणारा लोहार. 1761 साली बुर्जेलाला राजाज्ञा मिळाली आणि 1762 साली लियाँला जगातले पहिले पशुवैद्यक विद्यालय उघडले. घोड्याच्या वेडातून निघालेल्या त्या शाळेचे देणे आज गाईपासून कोंबडीपर्यंत सारी जनावरे घेत आहेत.

त्याच शाळेत तयार झालेला व्हियाल द सँ-बेल पुढे इंग्लंडला गेला. तिथे 1789 साली 'एक्लिप्स' नावाचा घोडा पोटशुळाने मेला. हा घोडा 1764 च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून त्याचे नाव ग्रहण. अठरा शर्यती धावला, एकही हरला नाही. इंग्रजांना प्रश्न पडला, हा हरत का नव्हता? सँ-बेलने त्याचे शवविच्छेदन केले, हाडन् हाड मोजले, आणि धावण्याचे गणित मांडण्याचा यत्न केला. त्यातून त्याचे नाव झाले आणि 1791 साली लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, त्याचा तो पहिला प्राध्यापक. दोनच वर्षांत तो वारला. कॉलेज मात्र टिकले आणि एक्लिप्सचा सांगाडाही त्याच संस्थेने जपून ठेवला.

आपल्याकडे 1862 साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली आणि 1886 साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पण या साऱ्या वाचनात मला जो माणूस सर्वांत जवळचा वाटला, त्याचे नाव ग्रिफिथ इव्हान्स. लंडनच्या त्याच कॉलेजात शिकलेला हा लष्करी पशुवैद्य. 1880 साली डेरा इस्माईलखानच्या बाजूला लष्करी घोडे आणि उंट 'सर्रा' नावाच्या रोगाने झिजून मरत होते. इव्हान्सने आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबड्या पेशींच्या गर्दीत त्याला वळवळणारे, चपळ जंतू दिसले. ते रक्त त्याने निरोगी जनावराला टोचले. त्यालाही तोच रोग झाला. इव्हान्स म्हणाला, रोगाचे मूळ हेच. वरिष्ठ आणि त्या वेळचे जाणते लोक म्हणाले, छे! हे जंतू निरुपद्रवी, रोग दुसऱ्याच कशाने. इव्हान्सने वाट पाहिली. पुढे आफ्रिकेत त्याच कुळीतल्या जंतूंमुळे गुरांचा नागाना आणि माणसांचा निद्रारोग होतो असे सिद्ध झाले, तेव्हा जगाला त्याची आठवण झाली. सर्ऱ्याच्या जंतूला आज इव्हान्सचेच नाव आहे. तो शंभर वर्षे जगला, 1835 ते 1935. वरिष्ठांचे चुकले होते हे पाहायला माणसाने इतके जगावेच!

एवढे वाचून झाल्यावर मी ताईला फोन केला आणि म्हणालो, "चार शब्द सांगण्याआधी आपण एकदा प्रत्यक्ष पाहून येऊ." भाचीची एका प्राध्यापिकाबाईंशी ओळख झाली होती. घोड्यांवरच आयुष्य काढलेल्या बाई. त्यांनी पहाटे साडेपाचला बोलावले. भाऊजी येणार नव्हते, पण त्या वेळी रिक्षा मिळत नाही म्हणून गाडी काढून आले.

तबेल्यात खराऱ्याचा आवाज चालू होता. ओल्या गवताचा आणि लिदीचा वास भरला होता. बाई पन्नाशीच्या, पायांत गमबूट, केसांत गवताच्या काड्या. पाच-सहा विद्यार्थी वही घेऊन उभे. एक लंगडणारी घोडी तपासायची होती. मोतद्दाराने तिला दुडक्या चालीने पुढे नेऊन परत आणले. बाई म्हणाल्या, "पायाकडे पाहू नका, मानेकडे पाहा." पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडे मान वर उचलते, भार हलका करायला. चांगला पाय टेकला की मान खाली येते. त्यांनी सांगितल्यावर आम्हालाही ते दिसू लागले. मघापर्यंत समोर नुसते एक जनावर चालत होते. आता त्याच्या मानेने आम्हाला त्याच्या पायातले दुखणे सांगितले.

मग त्यांनी खूर उचलून मांडीवर घेतला. त्या बोलत होत्या आणि मी वर्गातल्या मुलासारखा ऐकत होतो. घोडा चालतो तो एकेका बोटावर, आपल्या मधल्या बोटावर चालावे तसा. खूर म्हणजे त्या बोटाचे नख. ते महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढते, म्हणून आज खुराच्या टोकाला दिसणारी भेग जवळजवळ वर्षापूर्वीची कहाणी सांगत असते. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस, भरधाव धावताना तीच दोनशेच्या वर जाते. भरधाव असताना तो एका झेपेला एकच श्वास घेतो, आणि तोही फक्त नाकाने. पळत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर हवेत असतात का, हा वाद 1878 साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने अमेरिकेत ओळीने कॅमेरे लावून मिटवला. असतात! पण चित्रकार काढीत आले तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा केलेले. "शतकानुशतकं माणूस घोड्यावर बसत होता," बाई म्हणाल्या, "आणि त्याला घोडा दिसला नव्हता."

"पण बाई," भाऊजींनी शेवटी तोंड उघडले, "हे सगळं ऐकायला छान आहे. उपयोग काय? घोडदौडीचे शौकीन आणि लष्कर सोडलं तर आता घोडा लागतो कुणाला?"

बाईंना हा प्रश्न नवा नसावा. त्यांनी घोडीचा पाय हलकेच खाली ठेवला. "शर्यती आहेत, लष्कर आहे, पोलीस आहेत. डोंगरात आणि देवस्थानांच्या वाटांवर घोड्यांवर पोट असणारी माणसं आहेत. शेंबा रोगासारखे काही आजार घोड्यातून माणसात येतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. त्यासाठी हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. आणि दुसरं असं की, साप चावल्यावर जे औषध देतात, ते घोड्याच्या रक्तातून येतं."

भाऊजींनी मान वर केली. "कुठल्या सापाचं?"

"नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चारही विषांवर एकच औषध."

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाऊजींच्या डाव्या घोट्याच्या वर एक खोल, काळसर वण आहे. सतरा वर्षांचे असताना कोकणात, भातकापणीच्या दिवसांत, त्यांना घोणस डसली होती. ही कथा आम्ही प्रत्येक लग्नात ऐकलेली आहे. पाय कसा मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त कसे येऊ लागले, गावच्या जीपवाल्याने घाट कसा काढला, तालुक्याच्या डॉक्टरने रात्रभर उशाशी बसून दहा बाटल्या कशा दिल्या. ते डॉक्टरचे नाव घेतात, जीपवाल्याचे घेतात, ग्रामदेवीला दर वर्षी नारळ ठेवतात. त्या कथेत घोडा कधीच आला नव्हता. त्यांना ठाऊकच नव्हता. मलाही नव्हता.

बाई सांगत गेल्या. घोड्याला विषाची अगदी सूक्ष्म मात्रा टोचतात. त्याला अपाय होणार नाही अशा बेताने ती आठवड्यामागून आठवडे वाढवीत नेतात. त्याचे शरीर विषाविरुद्ध लढणारी द्रव्ये तयार करते. मग त्याचे थोडे रक्त काढतात, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी त्याच्याच अंगात परत सोडतात. तो द्रव शुद्ध करून, सुकवून बाटलीत भरला की औषध झाले. पाचशे किलोंच्या घोड्यात सुमारे चाळीस लिटर रक्त असते, शिवाय स्वभावाने तो माणसाळलेला, म्हणून त्याची निवड. 1890 नंतरच्या दशकात युरोपात आधी घटसर्पावर आणि मग सर्पविषावर ही युक्ती साधली. आपल्या महाराष्ट्रात हाफकिनच्या घोड्यांनी हे काम पिढ्यान् पिढ्या केले.

"मात्र एक ध्यानात घ्या," बाई म्हणाल्या. "घोड्याला कुणी विचारलेलं नसतं. किती विष टोचावं, किती रक्त काढावं, किती दिवस विश्रांती द्यावी, कोणत्या घोड्याला या कामातून कायमचं मोकळं करावं, हे ठरवायला घोड्याच्या बाजूने बोलणारा जाणता माणूस लागतो. नुसती दया असून भागत नाही, हिमोग्लोबिन मोजता आलं पाहिजे. माझी मुलं ते शिकतात."

भाची म्हणाली, "आणि पुढे प्रयोगशाळेतच ती द्रव्यं करता आली, तर घोडा लागणारच नाही. त्यावर संशोधन चाललंय."

"मग तू बेकार होशील," मी म्हणालो.

"होऊ दे की मामा! त्यासाठीच तर संशोधन करायचं."

भाऊजी काही बोलले नाहीत. घोडीजवळ गेले. शहरातला माणूस घोड्याला हात लावताना करतो तसा त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि तिच्या मानेवर ठेवला. घोडीने कातडी थरथरवली, माशी उडवावी तशी. ते तिथेच उभे राहिले. परतताना गाडीत ते फक्त एवढेच म्हणाले, "दहा बाटल्या होत्या."

कथा इथे संपवली तर गोड होईल. परंतु मी मास्तर आहे, उत्तरपत्रिकेची उरलेली बाजूही तपासली पाहिजे. बाईंनी निघताना भाचीला स्पष्ट सांगितले. पदवीची साडेपाच वर्षे, एम. व्ही. एस्सी.ची दोन, पीएच. डी.ची तीन किंवा जास्त. मग 'नेट'. तेव्हा कुठे प्राध्यापकाच्या जागेसाठी रांगेत उभे राहायचे. घोड्यांचे काम करणाऱ्या संस्था देशात मोजक्या, जागा त्याहून मोजक्या. वाटेत गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या सगळे शिकावे लागेल आणि त्यांच्यावर पोटही भरावे लागेल. रात्री-अपरात्री बोलावणे येईल. लाथ बसेल. बाईंनी बाही वर करून दंडावरचा जुना वणही दाखवला. तेवढ्यात एक विद्यार्थी बिकानेरच्या 'राज-प्रथम'ची गोष्ट सांगू लागला. हिसारच्या केंद्राच्या बिकानेर शाखेत 2023 साली एका मारवाडी घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या उदरात वाढवून जन्मलेले हे शिंगरू. त्याचे डोळे चमकत होते. "ऐकलंस?" बाई भाचीला म्हणाल्या, "असं एखादं शिंगरू उभं राहतं, त्याच्याआधी किती पहाटा वाया गेलेल्या असतात, ते कुठे छापून येत नाही."

ताईची काळजी खोटी नव्हती, हे मला त्या दिवशी कळले. तिला मुलीची सुरक्षित वाट हवी होती. या वाटेवर तशी हमी नाही. मी तिला एवढेच म्हणालो, "ताई, हमी मेडिकललाही नाही आणि मराठीला तर नव्हतीच. अण्णा मला म्हणाले होते, मराठीत काय शिकायचंय, ती येतेच की! तू तेव्हा माझ्या बाजूने बोलली होतीस. आठवतं?"

ताईने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "तेव्हा मी लहान होते, मला काय कळत होतं!" आणि डोळे पुसले.

भाचीचा प्रवेश झाला. भाऊजींनी क्लासला भरलेले आगाऊ पैसे परत मिळाले नाहीत, यावर अजून घरात चर्चा चालते. हॉस्टेलच्या सामानात मी तिला जाडजूड मराठी शब्दकोश दिला, तेव्हा माझी बायको म्हणाली, "तिला हाडं पाठ करायचीत, शब्द नव्हेत." मलाही ती भेट भाबडीच वाटली होती.

परवा तिचा फोन आला. बाई तिला सुट्टीच्या दिवशी मदतीला नेतात. "मामा, एक मोतद्दार सांगत होते, घोडी रहवाल चालते. म्हणजे काय? आणि घोड्याला चंदी देऊ की नको, असं विचारतात, ती किती असते? एकाने पंचकल्याणी आहे म्हणून भाव वाढवला. दुसरे म्हणाले भोवरा अशुभ जागी आहे, म्हणून घेत नाही. आमच्या पुस्तकात यातलं काही नाही. त्यांचे शब्द कळले नाहीत तर त्यांच्या घोड्याला काय होतंय ते मला कळणार कसं?"

मी कोश उघडून बसलो. रहवाल म्हणजे स्वाराला न उसळवणारी मऊ, सरपट चाल. चंदी म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला. भोवऱ्याचे शुभाशुभ मात्र मी तिच्यावरच सोपवले. तासभर बोलणे झाले. तिने आता एक वही केली आहे. डाव्या बाजूला मोतद्दाराचा शब्द, उजव्या बाजूला शास्त्रातला, आणि मधला रकाना माझा. डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे जायचे ठरते आहे. भाऊजी गाडी काढणार आहेत. या वेळी रिक्षा मिळत नाही असे कारण त्यांनी सांगितले नाही.

गेली वीस वर्षे 'मराठीचा उपयोग काय' या प्रश्नाला मी वर्गात नाना उत्तरे दिली आहेत, आणि त्यांतल्या एकावरही माझा पुरता विश्वास नव्हता. आमचे घोडे नेमके कुठे पेंड खात होते ते मला या दिवाळीत समजले. आपल्या ज्ञानाचा उपयोग दुसऱ्याने विचारावा लागतो, आणि त्याने विचारले की आपण 'उद्या सांगतो' म्हणायचे नसते.